बाई, आपली मतं का फुटतात?

या महिन्यात आलेल्या पत्रांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे. पनवेलपासून मालवणपर्यंतचे वाचक, कोणी स्वतःला डावे म्हणवतात, कोणी समाजवादी, कोणी आंबेडकरी, कोणी नुसतंच ‘मधले’, पण सगळे विचारताहेत की आपण एवढे आहोत तर निकालात दिसत का नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. माझं माहेर रायगडातल्या खारेपाटातलं, शेकापचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं. सासर मालवणचं, नाथ पैंच्या काळापासून समाजवाद्यांचं. नोकरी आणि संसार अलिबाग तालुक्यात, शाळेत शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर काही निवडणुकांत मतमोजणीच्या टेबलापाशी प्रतिनिधी म्हणून बसले. जाळीच्या अलीकडे वही घेऊन बसलं की एकेका बूथचा आकडा कानावर पडतो आणि कोणत्या गावाने काय केलं ते कळतं. पुढची उत्तरं बरीचशी त्या खुर्चीवरून सुचलेली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात पाच मतं. २०२४च्या विधानसभेला मी आणि पत्नीने शेकापला दिलं, दोन मुलांनी आणि सुनेने मशालीला, म्हणजे ठाकरेंच्या शिवसेनेला. ज्याला पाडायचं म्हणून पाचही जण एकाच रिक्षातून गेलो, तोच निवडून आला. अजून जेवताना विषय निघाला की मुलगा म्हणतो तुमच्यामुळे, मी म्हणतो तुमच्यामुळे. चूक कोणाची?
– एक शेतकरी, उरण तालुका

तुमच्या घरातल्या कोणाचीच नाही. उरणचा निकाल मी पुन्हा काढून पाहिला. भाजपचे महेश बालदी सुमारे साडेसहा हजार मतांनी जिंकले. दुसरे आले शेकापचे प्रीतम म्हात्रे. तिसरे ठाकरे शिवसेनेचे मनोहर भोईर, आणि त्यांच्या पारड्यात ६५ हजारांहून जास्त मतं. म्हात्रे आणि भोईर दोघांचेही पक्ष महाविकास आघाडीतले. दोघांनी आपापल्या पक्षाचा अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म जोडला, ४ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता अर्ज मागे घ्यायची मुदत संपली, कोणीही मागे घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून कानावर येऊ लागलं, ‘मैत्रीपूर्ण लढत’.

या शब्दाचा मला मनापासून राग येतो. उरणला दिलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या दिवसांत फोनवर रडली होती. तिचे सासरे एका बाजूचे पोलिंग एजंट, नवरा दुसऱ्या बाजूचा. मतदानाला सोळा दिवस होते आणि त्या सोळा दिवसांत बापलेकांनी एकत्र चहा घेतला नाही. यात मैत्री कुठे होती?

मूळ शोधायचं तर त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत मागे जावं लागतं. मे महिन्यात लोकसभेला रायगडातला शेकापचा कार्यकर्ता मशालीसाठी उन्हातान्हात फिरला होता. १२ जुलैला विधान परिषदेची निवडणूक झाली, त्यात शेकापचे जयंत पाटील पहिल्या पसंतीच्या १२ मतांवर अडकले आणि हरले. आघाडीतल्याच काही आमदारांची मतं फुटली होती. त्या संध्याकाळी माझ्या थोरल्या भावाने टीव्ही बंद केला आणि ओटीवर जाऊन बसला, जेवायला आला नाही. असा माणूस चार महिन्यांनी पुन्हा मित्रपक्षासाठी राबायला निघेल, ही अपेक्षा कोणी आणि कशाच्या जोरावर ठेवली? त्याची समजूत घालायला तालुक्यातून एकही माणूस आला नाही. उरणची मतं मतदानाच्या दिवशी फुटली असं मला वाटत नाही. ती त्या ओटीवर फुटली, आणि अशा ओट्या गावोगाव होत्या.

मुलाला सांगा, मतदाराच्या हातात एकट्याने एकी घडवायचं साधन नसतं. पलीकडच्या घरातला कोणाला देणार हे त्याला माहीत नसतं. अर्ज मागे घ्यायच्या दिवसापर्यंत मात्र तो दोन्ही उमेदवारांच्या दारात जाऊन विचारू शकतो. पुढच्या वेळी तुम्ही पाचही जण एकत्र जा, मतदानाला जाता तसेच, पण सोळा दिवस आधी.

प्रश्न : उरणचं ठीक आहे. पनवेलला शेकाप आणि मशाल दोघांची बेरीज केली तरी ती भाजपच्या प्रशांत ठाकूर यांच्या मतांहून कमी भरते. मग एकीचा एवढा घोष कशाला?
– नोकरदार, नवीन पनवेल

आकडे तुमचे बरोबर आहेत. एकी झाली असती तर पनवेल जिंकलो असतो असं म्हणणाऱ्याने तो निकाल वाचलेला नाही.

पण मतांची बेरीज पाटीवरच्या बेरजेसारखी नसते. दोन पक्ष एकत्र आले की दोन्हीकडची काही माणसं दुसऱ्याचं चिन्ह दाबत नाहीत, घरी बसतात, तेव्हा बेरीज घटते. आणि दोन पक्ष वर्षानुवर्षं एकत्र राबलेले असले की ‘आपलं येणारच नाही’ म्हणून कधी न उतरणारी माणसं रांगेत येऊन उभी राहतात, तेव्हा ती वाढते. डहाणू पाहा. २०१४ला राज्यात सगळेच वेगवेगळे लढले आणि डहाणू भाजपकडे गेलं. २०१९ला दोन्ही काँग्रेसनी जागा मार्क्सवाद्यांना सोडली, विनोद निकोले निवडून आले. २०२४ला महायुतीने २८८पैकी २३० जागा नेल्या, सगळ्या किनाऱ्यावर वारं तिकडचं होतं, तरी निकोले टिकले. दोन्ही वेळा फरक पाच हजारांच्या आसपास, म्हणजे मित्रांची मतं आली नसती तर टिकले नसते.

ती मतं आली कारण तिथला लाल बावटा निवडणुकीपुरता बाहेर निघत नाही. १९४५ला गोदावरी आणि शामराव परुळेकर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले तेव्हापासून किसान सभा त्या पाड्यांवर आहे. मार्च २०१८मध्ये वनजमिनीसाठी नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या मोर्चात त्या भागातली माणसं होती, त्यांच्या पायाचे फोड सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा माणसासाठी मत मागायला मित्रपक्षाच्या कार्यकर्त्याला संकोच वाटत नाही.

प्रश्न : माझी आजी म्हणते की संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी सगळे एक होते आणि कोकणाने काँग्रेसला धूळ चारली. आमच्या पुस्तकात यावर चार ओळी आहेत. तेव्हा जमलं ते आता का जमत नाही?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, कुडाळ

तुझी आजी खरं सांगते. आजीकडून आणखी काढून घे, लिहून ठेव.

६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लोकसभेची निवडणूक लागली आणि या किनाऱ्याने काय केलं ते बघ. ठाण्यातून निवडून आले कम्युनिस्ट शामराव परुळेकर. कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, शेकाप. राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै, तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती. आणि रत्नागिरीतून प्रेमजी आसर, ते जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे होते. चार जागा, चार पक्ष, समिती एक.

तो चौथा मुद्दाम सांगितला. ‘तेव्हा डावे एक होते’ असं आपण सहज म्हणून जातो, पण ती डाव्यांची एकी नव्हती. मुंबईसह महाराष्ट्र या एका मागणीची ती एकी होती आणि त्या मागणीखाली जनसंघही आला होता. मागणी पुरी झाली, १ मे १९६०ला राज्य मिळालं, आणि समितीला तडे गेले. १९६२ला काँग्रेसने विधानसभेच्या २६४पैकी २१५ जागा घेतल्या. नाथ पै तेव्हाही राजापुरातून आले, पण ते त्यांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या माणसांच्या कामावर.

माझ्या सासूबाई त्या १९५७च्या मतदानाची गोष्ट सांगत. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. चिठ्ठी घेऊन आडोशाला जायचं आणि आपल्या पेटीत टाकायची. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. घरातल्या बायकांना घेऊन त्या चालत मतदानाला गेल्या. एकीने वाटेत विचारलं की हा पक्ष कुठला, समिती म्हणजे काय, आपण तर अमक्याच्या. सासूबाई म्हणाल्या, “अगो, झोपडी आसा मां? मग झाला.” झोपडी हे प्रजा समाजवाद्यांचं चिन्ह. गावात सगळ्यांना ते माहीत होतं, कारण वर्षभर एकाच सभेत चारही पक्षांची माणसं पाठोपाठ बोलत होती आणि समितीचे सत्याग्रही एकाच तुरुंगात जाऊन आले होते. त्या बायकांनी युतीचं पत्रक वाचलेलं नव्हतं, त्यांनी माणसं एकत्र पाहिली होती.

एकीचं दुसरं उदाहरण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझं पहिलं मत १९७७चं. शेकाप आणि जनता पक्षाची हातमिळवणी होती, कुलाब्यातून दि. बा. पाटील आले, राजापुरातून मधू दंडवते. माहेर आणि सासर दोन्हीकडे एकाच दिवशी पेढे. सात वर्षांनी, जानेवारी १९८४मध्ये उरणजवळ जासईला दि. बां.च्या जमिनीच्या लढ्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. त्याच वर्षाच्या शेवटी लोकसभा झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, राज्यातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसच्या. त्या लाटेत न वाहिलेल्या पाच जागांपैकी दोन या किनारपट्टीच्या होत्या : दि. बा. आणि दंडवते. जासईत जे उभे राहिले त्यांना मतदार विसरला नव्हता आणि दंडवत्यांनी कोकण रेल्वेसाठी घासलेले जोडे मतदाराने पाहिले होते.

आता का जमत नाही, हे तू विचारलंस. आज आपल्या पक्षांची माणसं एकमेकांना फक्त जागावाटपाच्या टेबलावर भेटतात, हे माझं उत्तर. यात आणखीही कारणं आहेत. मुंबईच्या गिरण्या गेल्या तसा चाकरमान्यांमधला लाल बावटा गेला, आणि त्या जागी गावोगाव शिवसेनेची शाखा आली. त्यावर वेगळं पत्र लिही, वेगळं उत्तर देईन.

प्रश्न : आम्ही वंचितला, म्हणजे प्रकाश आंबेडकरांच्या पक्षाला, मत दिलं की निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला ‘भाजपची बी टीम’, ‘मतं खाणारे’ म्हणतात. आघाडीवाल्यांना आमची मतं हवीत, आम्ही नको. तुम्हीही तसंच लिहिणार असाल तर उत्तर देऊ नका.
– एक वाचक, महाड

उत्तर देते, कारण या बाबतीत मी चुकलेली आहे.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते, तुमच्याच तालुक्यातले. पंचवीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. २० मार्चला ते चवदार तळ्यावर जायचे, दोनदा मला आणि माझ्या मुलीला घेऊन गेले होते. २०१९च्या लोकसभेनंतर निवृत्त शिक्षकांच्या एका कार्यक्रमात चहा घेताना मी त्यांना म्हणाले, “सर, तुमच्या लोकांनी राज्यभर मतं खाल्ली.” त्यांनी कप खाली ठेवला. शांतपणे म्हणाले, “मत आमचंच होतं, बाई. ते तुमच्या ताटात कधी होतं?”

पुढे दीड वर्ष त्यांचा फोन आला नाही. मग मीच त्यांच्या घरी गेले आणि माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण पूर्वीसारखं अजून झालेलं नाही, आणि ते माझ्या जिव्हारी लागलेलं आहे.

कोणाचंही मत कोणाच्या मालकीचं नसतं, त्यामुळे ते कोणी खाऊही शकत नाही. हा शब्द मी तेव्हापासून टाकला आहे आणि माझ्या बाजूच्या सगळ्यांनी टाकावा अशी माझी विनंती आहे. ज्याला वाटतं की महाडच्या, मंडणगडच्या बौद्धवाडीतली मतं आपल्याकडे यावीत, त्याने आधी सांगावं की तिथल्या माणसाला कोणती जागा सोडतो आहोत. आणि ती निवडून येण्यासारखी हवी, कोणीच घेत नाही म्हणून उरलेली नको.

हे कोकणात पूर्वी झालेलं आहे. १९३३ला अलिबागजवळच्या चरीला खोतीविरुद्ध, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, सहा वर्षं चालला, जमिनी पडीक राहिल्या. पुढारी नारायण नागू पाटील, आगरी समाजाचे. त्यांच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले, चरीला आले, आणि १९३७ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं. जानेवारी १९३८ला कोकणातली कुळं मुंबईत कायदेमंडळावर गेली त्या मोर्चात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर कम्युनिस्ट होते. वर आलेले तेच शामराव परुळेकर तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते, पुढे कम्युनिस्ट झाले. आगरी, कुणबी, महार कुळं एका खोतापुढे नाडली जात होती आणि ती एकत्र चालली. त्या मोर्चाचं नेतृत्व बाबासाहेबांकडे होतं, मागच्या रांगेत त्यांना कोणी उभं केलं नव्हतं. १९५७च्या समितीतही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं आणि दादासाहेब गायकवाड नाशिकहून खासदार झाले. तुम्ही जी वागणूक मागता आहात ती नवी नाही. ती तुमच्या आजोबांना मिळालेली होती आणि मधल्या काळात आम्ही ती काढून घेतली.

तुमच्या पक्षालाही एक विचारेन. एखाद्या मतदारसंघात स्वतः येण्यासारखं नसेल तिथे, मतदानाच्या आधी, कोण आला तर चालेल हे उघड सांगता येईल का? हे मी सरांनाही विचारलं. ते म्हणाले, “आधी तुम्ही एकदा आमच्यासाठी सांगून दाखवा.” त्यांचं म्हणणं मला पटलं.

प्रश्न : शिक्षक मतदारसंघात आम्ही जांभळ्या पेनाने १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याला जातं, वाया जात नाही. विधानसभेला हीच पद्धत आली तर हा प्रश्नच मिटेल ना?
– माध्यमिक शिक्षक, देवरुख

बराचसा मिटेल. उरणच्या त्या घरातल्या पाचही मतांवर एक आणि दोन लिहिता आलं असतं तर बापलेकांचं भांडण झालं नसतं. फ्रान्समध्ये दुसरी तऱ्हा आहे, मतदान दोन फेऱ्यांत होतं. २००२ला तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत डाव्यांचे इतके उमेदवार उभे राहिले की समाजवादी जोस्पॅं १६.१८ टक्क्यांवर तिसरे आले आणि दुसऱ्या फेरीत कडव्या उजव्या ल पेनला अडवायला डाव्या मतदारांना उजव्या शिराकना मत द्यावं लागलं. २०२४च्या जुलैत मात्र संसदेच्या पहिल्या फेरीनंतर दोनच दिवसांत दोनशेहून अधिक डाव्या आणि मधल्या उमेदवारांनी आपणहून माघार घेतली आणि पहिल्या फेरीत पुढे असलेला ल पेनचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला.

आपल्याकडे ज्याला सर्वात जास्त मतं तो आला, मग ती तीस टक्के का असेनात. ते बदलायला संसदेत कायदा बदलावा लागेल, आणि ज्यांना या पद्धतीने सत्ता मिळते ते तो उत्साहाने बदलतील असं मला दिसत नाही. मागणी जरूर करा. पण तोवर आपला १, २, ३ आपल्याला उमेदवारी अर्जाच्या आधीच, घरात आणि वाडीत, तोंडी लावावा लागणार.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद गटात तीन पक्षांचे मिळून वीस-पंचवीस कार्यकर्ते आहोत. सगळ्यांना एकत्र यायचं आहे. सुरुवात कुठून करू?
– तरुण कार्यकर्ता, मालवण तालुका

उमेदवाराच्या नावापासून करू नका. पहिल्या बैठकीत नाव निघालं की ती बैठक मोडते, मी तीन वेळा पाहिलं आहे. एकदा तर मीच बोलावलेली बैठक एका मित्रपक्षाच्या तालुक्याच्या पुढाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत ‘आमचा ठरलाय’ म्हणून उधळली. पोह्यांच्या बशा भरलेल्या राहिल्या, खुर्च्या रिकाम्या झाल्या.

तुमच्याकडे एक गोष्ट तयार आहे. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी लावून होणाऱ्या मासेमारीविरुद्ध तुमच्या किनाऱ्यावरचे, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि पारंपरिक मच्छीमार इतकी वर्षं लढताहेत. त्या बैठकीला येणारा माणूस घरी जाऊन वेगवेगळ्या चिन्हावर मत देतो, पण किनाऱ्यावर तो एका दोरीला हात लावतो. तिथे जा. भाषण करायला नको, कामाला जा. निवेदन लिहायला, मत्स्यविभागात हेलपाटे घालायला. सहा महिने तिन्ही पक्षांची माणसं तिथे एकमेकांच्या शेजारी दिसू द्या.

मग मागच्या निवडणुकांचे बूथनिहाय निकाल काढा, जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयात ते मिळतात. कोणत्या वाडीत कोणाचं पाणी किती ते कागदावर दिसलं की अर्धी भांडणं बोलण्याआधीच संपतात. ज्याला माघार घ्यायची त्याला काय मिळणार हे त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, लिहून ठरवा. पंचायत समितीचा गण, पुढची पाळी, जे असेल ते. आणि पहिल्या पत्रकावर सगळ्यात वर त्याचं नाव आणि फोटो छापा, उमेदवाराचा खाली. पैसा काही लागत नाही. पण ज्याने सोडलं त्याच्या घरातली माणसं ते पत्रक जपून ठेवतात आणि मतदानाला पहिल्या तासात येतात. मुंबईकरांना आणायच्या गाड्या तिघांच्या मिळून एकच करा. बोरिवलीहून रात्रभर एका गाडीत आलेली माणसं सकाळी वेगवेगळ्या मांडवांत जात नाहीत.

प्रश्न : बाई, दुसऱ्यांना शिकवता ते ठीक. तुम्ही स्वतः लोकसभेला कोणाला मत देत आलात ते सांगाल का?
– एक वाचक, श्रीवर्धन

सांगते. मत गुप्त ठेवायचा मला हक्क आहे, पण तुम्ही विचारलंत ते रास्त आहे.

२०१४ला शेकापला दिलं. शेकाप त्या वेळी स्वतंत्र लढला आणि रायगडात रमेश कदमांना सव्वा लाखाच्या वर मतं पडली. राष्ट्रवादीचे सुनील तटकरे आणि शिवसेनेचे अनंत गीते यांच्यात खरी झुंज. मोजणीच्या दिवशी माझ्या शेजारी राष्ट्रवादीचा प्रतिनिधी बसला होता, रोह्याकडचा तरुण मुलगा, माझ्या नातवाएवढा. दोघंही वहीत आकडे उतरवत होतो. त्याच नावाचा आणखी एक सुनील तटकरे अपक्ष उभा होता, त्याच्या खात्यातही मतं जात होती, शेवटी ती ९,८४९ भरली. दुपारनंतर त्या मुलाने बेरीज करणं सोडून दिलं आणि नुसता आकड्यांकडे बघत राहिला. गीते २,११० मतांनी जिंकले. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, “आजी, तुमची थोडी मिळाली असती तरी चाललं असतं.” मी काही बोलले नाही. माझं स्वतःचं मतही त्या ‘तुमच्या’त होतं.

२०१९ला शेकापने तटकरेंना पाठिंबा दिला. मी घड्याळ दाबलं. ते आले.

२०२४ला सगळं उलटं. तटकरे भाजपच्या बाजूला गेलेले, आणि शेकापचा पाठिंबा गीतेंना. ज्यांच्याविरुद्ध आम्ही भावंडांनी इतकी वर्षं काम केलं तेच आता आपले उमेदवार. ७ मेला सकाळी मी माझ्या बूथवर मशाल दाबली. मग रिक्षा करून खारेपाटात माहेरी गेले, कारण भाऊ आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता की मी जाणार नाही. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दि. बां.च्या सभांचे मांडव घातलेला माणूस. त्याला काही समजावलं नाही. चहा घेतला, म्हटलं दादा, मी सोबत येते, तू आत जा, काय करायचं ते कर. शाळेच्या त्या खोलीबाहेर चिंचेखाली मी पाऊण तास उभी होते. ऊन मी म्हणत होतं. तो बाहेर आला, बोटाची शाई बघत बघत. मी विचारलं नाही. फाटकापर्यंत आल्यावर तोच म्हणाला, “दाबलं एकदाचं. सात सेकंद चिठ्ठी दिसते म्हणतात. मी बघितली नाही.”